गोळ्यांमुळे बाळात व्यंग आलं, तर खरंच काही करता येत नाही?

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: गरोदरपणातल्या औषधाने बाळात व्यंग आलं तरी काही होत नाही, सही दिलेली असते, दोन वर्षांत मुदत संपते, कंपनीवर केस होत नाही, वकिलाला लाखो लागतात. हे वाचून आईबाप फाईल माळ्यावर टाकून देतात, म्हणून लिहितोय.

आधी सही. ती बहुतेक वेळा सिझेरियनच्या वेळची असते. ओपीडीत फिटच्या गोळ्या लिहून देताना कोण सही घेतं? आणि घेतली असली, तरी ती उपचाराला संमती असते, हलगर्जीपणाला नाही. धोके आणि पर्याय न सांगता घेतलेली संमती पुरेशी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात 2008 सालीच सांगितलंय.

मुदतीचं अर्धंच खरं आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षं, पण सबळ कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो. सोडियम व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाचंच बघा. पाठीच्या कण्याचं व्यंग जन्मतःच दिसतं, पण बोलणं-शिकणं मागे पडल्याचं कळायला काही वर्षं जातात. शिवाय दिवाणी दाव्यासाठी मुदतीचा कायदा अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर तीन वर्षांपर्यंत वाव देतो. मात्र थांबू नका. दाखल रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायची असतात, पुढे ती मिळतीलच असं नाही. लेखी अर्ज दिला की 72 तासांत प्रती द्याव्या लागतात. अर्जाची पोच घ्या. ओपीडीची चिठ्ठी, सोनोग्राफीचे रिपोर्ट, बॅच नंबर असलेलं मेडिकलचं बिल, उरलेली स्ट्रिप, सगळं एका पिशवीत ठेवा.

कंपनीवर दावा होतो. 2019 च्या ग्राहक कायद्यात उत्पादनाच्या दायित्वाचं, म्हणजे सदोष मालाने झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीचं, वेगळं प्रकरण आहे आणि पुरेशी सूचना न देणं हाही त्यात दोष आहे. अडचण एवढीच की औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असेल आणि कंपनीने डॉक्टरांना नीट सावध केलं असेल, तर ती सुटू शकते. मग प्रश्न येतो, डॉक्टरांनी आईला ते सांगितलं का?

खर्चाचं म्हणाल तर, औषध-उपचारांसाठी तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्या-मुंबईला जावं लागत नाही.

प्रत्येक व्यंग औषधामुळे येत नाही, हेही तितकंच खरं. कुठलंही औषध न घेता शंभरात दोन-तीन बाळांत ते आढळतं. व्हॅल्प्रोएट घेतलेल्या आयांच्या बाळांत सुमारे दहा. म्हणून तज्ज्ञ डॉक्टरांचं लेखी मत लागतं, नुसत्या संशयावर केस टिकत नाही. आणि हे वाचून कुणी गरोदर बाईने फिटची गोळी स्वतःहून बंद करू नये. झटका आला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांशी बोलूनच बदल करा.

वकील परवडत नसेल तर सांगली किंवा साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रिया आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अर्ज आईच्या नावाने टाका.