देवाला आधीच ठाऊक होतं, मग दोष कुणाचा?

नमस्कार,

तुमच्या प्रतिक्रियेतला राग मला अस्थानी वाटत नाही. तुम्ही विचारता : आदाम-हव्वा फळ खाणार हे देवाला आधीच माहीत होतं, तर बागेत ते झाड ठेवलंच कशाला? माणूस पडला की शिक्षा त्यालाच, वर त्याच्या लेकरा-नातवंडांनाही. यापेक्षा ज्याचं कर्म त्याच्या पदरात, हा हिशेब न्याय्य नाही का?

आधी कळणं म्हणजे घडवून आणणं, हे मला मुळीच पटत नाही. इ. स. 524 च्या सुमारास रोमन तत्त्वज्ञ बोएथियस कैदेत देहदंडाची वाट पाहत असताना याच प्रश्नाशी झगडत होता. त्याचं म्हणणं असं, की देव काळाच्या आत बसून उद्याचं भाकीत करत नाही. आपला काल, आज आणि उद्या त्याच्यापुढे एकदमच उघडे असतात. रस्त्याने चालणारा माणूस मला दिसतो तेव्हा तो चालतो आहे हे पक्कं असतं, पण माझ्या पाहण्याने त्याचे पाय हलत नाहीत.

तुमची खरी हरकत मात्र एवढ्याने मिटत नाही. देव नुसता पाहणारा नाही, निर्माताही आहे. सगळं ठाऊक असून त्याने हेच जग घडवलं. मोलिना या स्पॅनिश जेझुइट धर्मगुरूने 1588 मध्ये मांडलं, की कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत स्वतःहून काय निवडेल हेही देव जाणतो आणि ते जाणूनच जग निर्माण करतो. यातून माणसाचं स्वातंत्र्य वाचतं, पण तुमचा प्रश्न आणखी धारदार होतो. त्यावरून जेझुइट आणि डॉमिनिकन हे दोन कॅथलिक धर्मसंघ इतके भांडले की रोममध्ये 1598 पासून 1607 पर्यंत सुनावण्या चालल्या, आणि शेवटी पोप पाचवे पॉल यांनी कुणाच्याच बाजूने निकाल दिला नाही. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने तर आदामाचं पतन देवाच्या संकल्पानेच झालं असं लिहिलं, दोष मात्र आदामाचाच ठेवला. तिथे मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. पाप देवाने ठरवलं असेल तर पापाबद्दलचा त्याचा शोक खोटा ठरतो, आणि बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला, माणसाची दुष्टाई पाहून मनात खिन्न झालेला देव मला खोटा वाटत नाही.

मग पाप आलं कुठून? प्राचीन ख्रिस्ती धर्मविचारक ऑगस्टीनने यावर जे म्हटलं ते मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. वाईट ही देवाने निर्माण केलेली वस्तूच नव्हे, ती चांगल्यातली उणीव आहे. इच्छा वरच्या चांगल्याकडे पाठ फिरवून खालच्या चांगल्याकडे वळते. त्या वळण्यामागचं कारण शोधणं म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहायला, शांतता कानांनी ऐकायला जाणं. हे उत्तर अपुरं वाटेल. पण पापाला पुरेसं कारण सापडलं, तर ते पाप उरणारच नाही, नुसता परिणाम होईल. तुम्ही मागता तो दोषारोपही मग कुणावरच करता येणार नाही, देवावरसुद्धा नाही.

मला हा विषय तत्त्वज्ञानापेक्षा येशूचा शिष्य पेत्र याच्या गोष्टीत जास्त उमगतो. कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, असं येशू त्याला सांगतो. त्याच बोलण्यात, लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात, तो हेही सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पेत्र पडणार हे त्याला ठाऊक आहे, पण तो त्याला ढकलत नाही, शिष्यांमधून काढूनही टाकत नाही. देवाचं पूर्वज्ञान माझ्यासाठी असं आहे : पडण्याच्या आधीच उचलण्याची तयारी करणारं, आणि त्याची किंमत क्रुसावर स्वतः मोजणारं. झाड का ठेवलं याचा पूर्ण उलगडा यातून होत नाही. पण हे जाणणारा देव दूर उभा राहून सापळा लावणारा आहे, असं मी म्हणू शकत नाही.

राहिली लेकरा-नातवंडांची गोष्ट. आदामाचा अपराध जन्मतःच आपल्या माथी येतो, हा ऑगस्टीनचा विचार पाश्चात्त्य चर्चमध्ये रुजला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत मरण आणि दुबळेपणा वारशाने येतो, अपराध नव्हे. मी या बाबतीत पूर्वेकडच्यांच्या बाजूचा आहे, कारण बापाच्या पापाचा भार मुलगा वाहणार नाही, असं बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे ज्याचं त्याच्या पदरात, हा तुमचा आग्रह बायबललाही परका नाही. माझं कर्माच्या हिशेबाशी जमत नाही ते पुढे : त्या हिशेबात पेत्राने काय केलं असतं?