किती वर्षं उडू देणार, ते विचारा

३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे एनडीएतून, मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणींची. तेव्हापासून आमच्या ठाण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच वाद पेटलाय. नौपाड्यातली माझी भाची बारावी सायन्सला आहे आणि तिला लढाऊ वैमानिक व्हायचंय. वडीलधारी मंडळी दोन मुद्द्यांवर अडून बसली आहेत: लग्नाचं काय, आणि शत्रूच्या हाती सापडली तर काय?

मी अमेरिकेत, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला राहते. इथून जवळच मेनार्डव्हिल नावाचं छोटं गाव आहे. २ फेब्रुवारी २०१९ ला तिथे अमेरिकी नौदलातल्या वैमानिक कॅप्टन रोझमेरी मरिनर यांचे अंत्यसंस्कार झाले. त्यांना मानवंदना द्यायला लढाऊ विमानं आली आणि अमेरिकी नौदलाच्या इतिहासात पहिल्यांदाच त्या सगळ्या विमानांत फक्त स्त्रिया होत्या. गावावरून जाताना एक विमान बाकीच्यांना सोडून सरळ वर निघून गेलं. गेलेल्या साथीदाराला निरोप देण्याची ही वैमानिकांची रीत.

मरिनर लहान असतानाच त्यांचे वैमानिक वडील विमान अपघातात गेले. तरीही ही मुलगी विमानं धुऊन पैसे जमवायची आणि त्यातून उडायला शिकायची. १९७४ मध्ये नौदलात ज्या पहिल्या सहा महिला वैमानिक झाल्या, त्यात त्या होत्या. पुढे त्यांनी ए-४ आणि ए-७ ही हल्ला करणारी जेट उडवली. १९९० मध्ये नौदलाच्या विमानांचं स्क्वाड्रन सांभाळणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. लग्न झालं, तेही नौदलातल्याच वैमानिकाशी, आणि मुलगीही झाली. लग्नाच्या मुद्द्यावर मला याहून जास्त काही बोलायचं नाही.

शत्रूच्या हाती सापडण्याची भीती मात्र खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. १९९१ च्या आखाती युद्धात लष्करी डॉक्टर ऱ्होंडा कॉर्नम यांचं हेलिकॉप्टर पाडलं गेलं. दोन्ही हात मोडलेल्या अवस्थेत त्या इराकच्या कैदेत गेल्या, तिथे त्यांच्यावर अत्याचारही झाला. सुटून आल्यावर त्या लष्करातच राहिल्या आणि ब्रिगेडियर जनरल झाल्या. जे घडलं त्याच्या आधाराने इतर बायकांची वाट अडवू नका, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. १९९३ मध्ये अमेरिकेने लढाऊ विमानांची दारं महिलांना उघडली. त्यासाठी झगडणाऱ्यांत मरिनर पुढे होत्या.

म्हणजे अमेरिकेलाही हे सुचायला बराच वेळ लागला. तिचे गोडवे गाण्यासाठी मी लिहीत नाहीये. मला बोचतं ते वेगळंच. मरिनर २४ वर्षं सेवा करून १९९७ मध्ये निवृत्त झाल्या. आपल्या हवाई दलातल्या वैमानिक गुंजन सक्सेना यांनी १९९९ मध्ये कारगिलवर चीता हेलिकॉप्टर नेलं, जखमी जवान बाहेर काढले आणि २००४ मध्ये घरी आल्या, कारण कमिशनच, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूकच, अल्पमुदतीची होती. धाडसात दोघी कुठे कमी होत्या? फरक पडला तो नोकरीच्या मुदतीचा. आपल्या हवाई दलातल्या ३२ निवृत्त महिला अधिकाऱ्यांना पेन्शनसाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. निकाल यायला २०२२ उजाडलं.

ग्रुपवर हा विषय कुणीच काढत नाही, म्हणून मी काढते. ताई, भावजी, आता नीट ऐका. पोरगी पदवीनंतर एफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा देऊन उड्डाण शाखेत गेली, तर अल्पमुदतीच्या कमिशनची मुदत १४ वर्षांची असते. अधिकाऱ्याला पेन्शन लागू होते २० वर्षांनी. ऐन पस्तिशी-छत्तिशीत, हाताशी एवढा अनुभव असताना, पोरीने नव्याने नोकरी शोधायची. एनडीएतून गेली तर कायमस्वरूपी कमिशन मिळतं. तिची फिजिक्स आणि गणिताची तयारी चालू आहे, डोळेही ठणठणीत आहेत.

एनडीएला वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं आणि परीक्षा वर्षातून दोनदाच होते. आपण लग्नावर वाद घालत बसलो तर तिच्या हातातल्या संधी एकेक करून जातील. या खेपेचा अर्ज तिला भरू द्या.