जुनी शिडाची जहाजं नुसती बांधून ठेवू नका, चालवा!

जुनं जहाज जपायचं म्हणजे ते रंगवायचं, धक्क्याला बांधायचं, बाजूला माहितीचा बोर्ड लावायचा आणि तिकीट ठेवायचं, बहुतेक ठिकाणी एवढंच होतं आणि मला ते अजिबात पटत नाही. जहाज हलतच नसेल तर त्यात शिकवण्यासारखं उरलं काय?

त्रिंकोमाली या जहाजाचंच बघा ना. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेलं ब्रिटिश आरमाराचं जहाज, १८१७ सालचं, आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय! सागवान चिवट हे तर आहेच, पण १८९७ मध्ये ते भंगारात निघालं होतं, तेव्हा एकाने विकत घेऊन वाचवलं आणि पुढे कित्येक दशकं, अगदी १९८६ पर्यंत, त्यावर पोरांना दर्यावर्दीपणाचं ट्रेनिंग दिलं गेलं. ते कुणाच्या तरी उपयोगाचं होतं म्हणून टिकलं असं माझं ठाम मत आहे.

लाकडाच्या जहाजाला खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त बाधतं. डेकच्या फटीतून ते आत झिरपतं, मुरतं आणि वरून रंग चकाचक असताना आतलं लाकूड कुजत राहतं. फळ्यांच्या सांध्यात तागाचे-कापसाचे पिळे ठोकून वरून डांबर भरायचं, हे काम सारखं करत राहावं लागतं आणि ते पुस्तक वाचून येत नाही, जाणत्या माणसाशेजारी बसून हाताला वळण लागावं लागतं. माणसं गेली की विद्या गेली.

अमेरिकेत चार्ल्स मॉर्गन नावाचं १८४१ चं व्हेल पकडायचं जहाज आहे, ते १९२१ नंतर शिकारीला गेलंच नव्हतं. मिस्टिकच्या म्युझियमने बरीच वर्षं खपून ते दुरुस्त केलं, तसलं जुनं ओकचं लाकूड मिळेना, तर बॉस्टनला जुन्या आरमारी गोदीच्या जागेवर हॉस्पिटलसाठी खोदताना जमिनीत पुरलेले ओकचे ओंडके सापडले तेही वापरले, आणि २०१४ मध्ये जहाज खरंच शिडं उभारून समुद्रात नेलं, यावेळी शिकारीला नाही, तर शास्त्रज्ञ, शिक्षक, कलाकारांना घेऊन. जहाज समुद्रात न्यायचंय म्हटल्यावर सुताराला कुठलाही सांधा 'चालतंय की' म्हणून सोडता येत नाही, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

एवढ्या फळ्या बदलल्या तर मूळ जहाज राहिलंच कुठे, असं काही जण म्हणतात. अहो, जहाज कामावर होतं तेव्हाही फळ्या बदलतच होते की! दोर झिजले, शिडं फाटली, नवी आली. ते काय पेंटिंग आहे का हात न लावता ठेवायला?

धोक्याचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. बाउंटी नावाचं शिडाचं जहाज, तेही जुनं नाही, १९६० ची प्रतिकृती, २०१२ मध्ये सँडी चक्रीवादळात बुडालं आणि दोन जीव गेले. म्हणून हवामान बिघडलं तर कार्यक्रम रद्द, पाहुणे कितीही मोठे असोत, इंजिनची बोट सोबतीला, आणि तपासणी बाहेरच्या माणसाकडून. सॅन डिएगोचं स्टार ऑफ इंडिया, १८६३ चं लोखंडी जहाज, कधीतरीच बाहेर निघतं पण त्याचे व्हॉलंटिअर त्यासाठी आधी भरपूर सराव करतात, आणि हा सराव म्हणजेच तर शिक्षण आहे. दहा पोरांनी एकाच दोराला धरून एका तालात ओढल्याशिवाय शीड वर जात नाही, हे बोर्ड वाचून कसं कळणार?

पैशाचं म्हणाल तर दुरुस्तीला देणगी मिळते कारण उद्घाटन होतं, फोटो येतात. दरवर्षीचे दोर, डांबर, सुताराचा पगार, विमा यासाठी कोणी पुढे येत नाही. देणगी देणाऱ्यांनी निम्मी रक्कम तरी या रोजच्या खर्चासाठी राखून ठेवा असं लिहूनच द्यावं.