प्रॉडक्ट की चालली म्हणून विंडोज ओरिजिनल होत नाही

‘४०० रुपयांत लाइफटाइम विंडोज. ॲक्टिव्हेट झालं म्हणजे ओरिजिनलच, बनावट प्रॉडक्ट की (ॲक्टिव्हेशनचा कोड) कंपनीचा सर्व्हर घेईलच कशी? आणि पकडलंच तर विकणाऱ्याला धरतील.’ हा मजकूर ग्रुपांवर फिरतोय, आणि विंडोज टाकून देणारे जाणते लोकही तो पुढे ढकलतात.

आधी सर्व्हरचं. तो की तपासतो, तुमची पावती नाही. विंडोज ९५ ला तर सर्व्हरही लागत नव्हता. कीच्या शेवटच्या ७ आकड्यांच्या बेरजेला ७ ने भाग गेला की झालं, म्हणून १११-१११११११ सुद्धा चालायची! २००१ मध्ये एक्सपीने की आणि मशीनचं हार्डवेअर यांची गाठ घातली. पण मोठ्या कंपन्या शेकडो मशीन एकेक करून ॲक्टिव्हेट करत बसणार नाहीत, म्हणून त्यांच्या व्हॉल्यूम कीला ही अट माफ होती. त्यातलीच एक, एफसीकेजीडब्ल्यूने सुरू होणारी, एक्सपी बाजारात यायच्या आधीच फुटली. त्यासाठी कुणाला गणित सोडवावं लागलं नाही. सवलतीची की नुसती बाहेर पडली. आणि सर्व्हर चुकतो तो उलटाही: ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तपासणी यंत्रणेत बिघाड झाला आणि पैसे मोजलेल्या हजारो लोकांच्या विंडोजवर नकली असल्याचा शिक्का बसला.

‘लाइफटाइम’ हा तर निव्वळ विक्रेत्याचा शब्द. ती फुटलेली की एक्सपीच्या २००२ च्या अपडेटने, सर्व्हिस पॅक १ ने, नाकारली. आज स्वस्तात मिळणारी की बऱ्याचदा एखाद्या संस्थेच्या अनेक मशीनसाठीची असते आणि मायक्रोसॉफ्ट ती कधीही बंद करू शकते. केएमएसचं, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून होणारं ॲक्टिव्हेशन तर एका वेळी १८० दिवसांचंच. त्या सर्व्हरची नक्कल करणारं टूल आधी ‘अँटिव्हायरस बंद करा’ म्हणतं, आणि आपण करतोही.

राहिला कायदा. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब जाणूनबुजून वापरणाऱ्यालाच लागू होतं: ७ दिवस ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. दुकानाचं बिलिंग त्याच मशीनवर चालत असेल तर ही सवलत विसरा.

शंका असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर /डीएलआय (इंग्रजी अक्षरांत) टाइप करा. घरच्या मशीनवर ‘व्हॉल्यूम’ दिसलं, तर की ऑफिस-कॉलेजसारख्या संस्थांसाठीच्या प्रकारातली आहे, घरच्या वापरासाठीची नाही.