बंद गिरणीचं सोनं कसं करावं

शहराच्या मध्याजवळ तुमच्या वाट्याला एखादी बंद पडलेली गिरणी आली असेल तर आधी तोंड गोड करा. असं भाग्य सगळ्या गावांना लाभत नाही. आमच्या इंदूरला घाऊक लाभलं. मालवा मिल, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी, भंडारी... आता रिक्षावाल्याला 'मालवा मिल' म्हटलं की तो निमूट चौकात सोडतो. गिरणी कुठाय, हे ना तो विचारतो, ना आपण सांगतो.

गेल्या रविवारी अशाच एका जागेच्या पुनर्विकासावरच्या 'नागरिक संवादा'ला जाऊन आलो. अकराची वेळ होती, पाहुणे पाऊण वाजता आले. मधल्या वेळात पोहे-जिलबी झाली, शेव संपली, पुन्हा आली. तर या दोन तासांत जे शिकलो ते इथे फुकट वाटतो आहे.

सगळ्यात आधी, घाई करू नका. हुकुमचंद मिलचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९९१ च्या डिसेंबरात ती बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश दिला गेला तो २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं! एवढ्या काळात मूल जन्मतं, शिकतं, पुण्याला नोकरीला जातं आणि तिकडेच फ्लॅट घेऊन मोकळं होतं. थांबण्याचा फायदा असा की पैसे मागणारे हळूहळू कमी होतात, त्यांच्या जागी वारसदाखले येतात आणि वारसदाखल्यांना घोषणा देता येत नाहीत.

मात्र हिशेब चुकता झाला रे झाला, की एक दिवसही थांबू नका. बत्तीस वर्षांत त्या साडेबेचाळीस एकरांत कुणी तांब्याभर पाणी न घालता झाडं वाढली. लोक म्हणू लागले, ही राहू द्या, शहराला श्वास घ्यायला जागा राहील. असल्या लोकांना ताबडतोब विकासविरोधी म्हणा. कामगारांना तीन दशकं थांबवणाऱ्या यंत्रणेला झाडांसाठी तीन महिने काढता येत नाहीत, हे ज्याला समजत नाही त्याला अर्थशास्त्र कशाशी खातात ते ठाऊक नाही.

नव्या प्रकल्पाच्या नावात 'मिल्स' असू द्या. 'मजूर' नको.

चिमणी ठेवा. ती फोटोत छान येते आणि तिच्या बुंध्याशी कॉफी विकता येते. बाकी सगळं पाडा, विशेषतः ते करवतीच्या दातांसारखं छप्पर. त्या दातांची उभी बाजू उत्तरेला काढून तिथे काचा बसवायचे. ऊन थेट आत येत नसे, पण दिवसभर सारखा उजेड पडे आणि विणकराला तुटलेला धागा दिसे. माझे काका इथल्याच एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. ते म्हणायचे, आमच्या खात्यात दुपारी दिवा लावायला लागला की समजायचं, पाऊस येतोय. असलं फुकटचं छप्पर आधी जमीनदोस्त करायचं, मग त्याच जागी काचेचा डबा उभारायचा, आत शेकडो दिवे लावायचे, आणि ऊन तापतं म्हणून एसी. त्यावर 'हरित इमारत' असा फलक.

माती तपासू नका. तपासली तर काहीतरी सापडतं. रंगखात्याचं पाणी वर्षानुवर्षं कुठे मुरलं, बॉयलरची राख कुठे टाकली, पत्र्यांतलं ॲस्बेस्टॉस फुटून कुठे पडलं, हे प्रश्न अशुभ आहेत. वर लॉन अंथरा.

वडोदऱ्याला अभ्यासदौरा काढू नका. तिथे अलेंबिकच्या जुन्या कारखान्यात कलाकारांचे स्टुडिओ आणि दालनं केली आहेत. उगाच मन विचलित होतं.

मुंबईला मात्र अवश्य जा. शब्दांची ताकद तिथे कळते. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते, एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त 'रिकाम्या' जमिनीची राहिली. आता सांगा, गिरणीत रिकामी जमीन असते किती? शेड, गोदाम, बॉयलर, चिमणी, पुन्हा शेड. एका शब्दात बागा गेल्या आणि मॉल आले. याला म्हणतात भाषेवर प्रभुत्व.

आणि पॅट्रिक गेडीज हे नाव चुकूनही घेऊ नका. या स्कॉटिश गृहस्थांनी १९१८ साली होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेवर दोन खंडांचा अहवाल दिला. वाईट खोड अशी की हा माणूस गल्ल्यांतून पायी हिंडायचा. प्लेगच्या भीतीच्या दिवसांत यानं दिवाळीची मिरवणूक काढली आणि लोकांनी ज्या गल्ल्या झाडून लखलखीत केल्या होत्या त्यांच्यावरून ती नेली. म्हणजे इंदूरला देशात मिळालेला स्वच्छतेचा पहिला नंबर २०१७ च्या कितीतरी आधी इथे गल्लीगल्लीत लागत होता. त्याचं म्हणणं काय, तर आधी बघा, मग कमीत कमी कापा. अशी माणसं प्रकल्प रखडवतात.

आता मुख्य गोष्ट. मॉडेल करा. थर्मोकोलचं, दिवे लावलेलं, काचेच्या पेटीत. आमच्या संवादात असं मॉडेल होतं. टेबलाएवढं शहर, निळाशार कान्ह, तिच्यात होडी. (सांडपाण्याची आमची कान्ह नदी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी होडीवर हसू नये, तिथे सगळेच गंभीर चेहऱ्यानं फोटो काढत होते.) छोटी छोटी माणसं, सगळी गोरी, सगळ्यांच्या हातात पिशव्या. मी आपली गल्ली शोधायला लागलो. मुख्य रस्ता सापडला. मारुतीचं देऊळ नव्हतं, पण म्हटलं असेल पुढे. देवळाच्या मागे पिठाची गिरणी, तिच्या मागे आम्ही. तिथे हिरव्या स्पंजची सोळा झाडं होती. मी मोजली. आमचं घर, शेजारच्या वहिनींचं घर, ज्या ओट्यावर काका दुपारच्या पाळीहून आल्यावर बसायचे तो ओटा, सगळ्यांवर मिळून सोळा झाडं.

मॉडेलवर लेझरचा ठिपका फिरवत माहिती देणाऱ्या मुलाला विचारलं, "इथे लोक राहतात, माहीत आहे का?" त्यानं चटकन हिंदीचा आधार घेतला. "अंकल, ये तो इंडिकेटिव है."

बरं, इंडिकेटिव्ह, म्हणजे नुसतं सूचक. मग दुसरं विचारलं. गिरण्या बंद पडून इतकी वर्षं झाली तरी अनंत चतुर्दशीला त्यांच्या झाक्या, म्हणजे गाड्यांवरचे सजवलेले देखावे, निघतात. पगार नाही, यंत्र नाही, तरी म्हातारे कामगार आणि त्यांची पोरं वर्गणी काढून, उसनवारी करून रात्रभर गाडे ओढतात. त्या बनतात गिरणीच्या आवारात. आवारच गेलं तर झाकी बनणार कुठे? मुलानं बाजूच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी फोनकडे पाहिलं. मग उत्तर आलं, "फूड कोर्ट की पार्किंग में सोचा है. वो भी इंडिकेटिव है."

सूचनेचा फॉर्म भिंतीवरच्या क्यूआर कोडवर होता. उघडला तर पर्याय तीन, फूड कोर्ट, गेमिंग झोन, किंवा दोन्ही. 'अन्य' असं काही नव्हतं. मी 'दोन्ही'वर बोट ठेवलं, कारण त्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि पुढे फक्त 'धन्यवाद' लिहिलेलं होतं. थोड्या वेळानं मंचावरून जाहीर झालं की नागरिकांचा प्रतिसाद अत्यंत सकारात्मक आहे. त्या सकारात्मकतेत मीही आहे.

लाज वाटते का रे? माझ्या घरावर झाडं लावताना एक माणूस त्या गल्लीत पाठवता आला नाही? दारात आला असता तर पाणी दिलं असतं, चहा दिला असता, नकाशासुद्धा काढून दिला असता, कुठे पाणी तुंबतं, कुठल्या भिंतीला तडा आहे, सगळं. पावसाळ्यात चौकात गुडघाभर पाणी साचतं ते कुठून येतं हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तुमच्या मॉडेलमध्ये पाऊसच पडत नाही. ज्यांच्या घामावर या शहरानं निम्मं शतक पोट भरलं त्यांचे ओटे तुम्हाला 'ग्रीन बफर' दिसतात, आणि ते म्हातारे मेल्याशिवाय तुम्हाला त्यांच्याबद्दल प्रेम येत नाही. मग एक भित्तिचित्र. खाली दात काढून हसणारा मजूर, वर बर्गरचा भाव.

आणि तुम्ही आम्ही? जिलबी खाल्ली. मीही खाल्ली, दोनदा. मॉडेलच्या शेजारी उभं राहून फोटो काढला, नातवाला पाठवला, त्यानं अंगठा दाखवला. हॉलमध्ये दोनशे माणसं होती, एकालाही ओरडावंसं वाटलं नाही. माझा आवाज निघाला तो इथे, चार दिवसांनी.

निघताना पेटीची काच थोडी सरकलेली होती. आमच्या घरावरचं एक झाड मी उपटून खिशात टाकलं. सध्या ते टीव्हीवर आहे, काकांच्या फोटोशेजारी. ज्यांचं असेल त्यांनी येऊन घेऊन जावं. देवळामागे पिठाची गिरणी, तिच्या मागे निळं दार. पाचच्या पुढे मी घरीच असतो.