मागचं झाकण

घड्याळ दाखवा म्हटलं की सरळ माणूस तबकडी पुढे करतो. आमच्या पंथातली माणसं घड्याळ हातात आलं की आधी ते पालथं करतात, मागचं झाकण फिरवून काढतात, डोळ्याला भिंग लावतात आणि वाचायला लागतात. किती वाजले हे कुणी बघत नाही. त्यासाठी मोबाइल आहे.

मी क्लीव्हलंडजवळ राहतो आणि अमेरिकन रेल्वेवाल्यांची जुनी खिशातली घड्याळं जमवतो. वॉल्थम, एल्जिन, हॅमिल्टन, इलिनॉय, आणि खिसा परवानगी देईल तेव्हा बॉल. या छंदापायी मी पुष्कळ सोसतो. सोसवत नाही तो बायकोचा एकच प्रश्न : "हे तर आहे ना तुझ्याकडे?"

आहे. आणि नाहीही. इलिनॉय कंपनीचं 'बन स्पेशल' माझ्याकडे आहे, पण त्याच्या आतल्या यंत्राच्या पत्र्यावर '६ पोझिशन्स' असं कोरलेलं नाही. याच्यावर आहे. शिवाय '६० अवर' असंही आहे, म्हणजे एकदा चावी दिली की ६० तास चालतं. वॉल्थमचं 'व्हॅनगार्ड' तर १९ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे यंत्रात चाकांच्या टोकांशी बसवलेले बारीक खडे) निघालं, २१ चं निघालं, २३ चंही निघालं. कुणावर एक शब्द जास्त, कुणावर एक कमी, कुठे अक्षर वळणदार, कुठे ठोकळा. कारखान्यात कोरणाऱ्याने एके दिवशी एक शब्द गाळला, त्यावरून शंभर वर्षांनी ओहायोतल्या एका मराठी घरात तीन दिवस अबोला!

या उन्हाळ्यात सासू-सासरे आले. सासरे भुसावळहून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. मला वाटलं, चला, घरात एक तरी जाणकार आला. चहा संपायच्या आत मी मखमली कापड अंथरलं, दोन 'बन स्पेशल' ठेवली आणि भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले. झाकणं आट्यांची असतात आणि शंभर वर्षांत अशी बसतात की नुसत्या हाताने हलत नाहीत. सासूबाई लेकीला म्हणाल्या, "भांडी हेच घासतात का गं?"

झाकणं निघाली. निकेलच्या पत्र्यांवर बारीक नक्षी, त्यात सोनेरी अक्षरं, लालबुंद ज्वेल. सासऱ्यांनी एक बघितलं, दुसरं बघितलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं.

"दोन्ही सारखीच आहेत, जावईबापू."

मी समजवायला घेतलं. घड्याळ एका स्थितीत बरोबर चालतं, दुसऱ्या स्थितीत पुढेमागे होतं. म्हणून कारखान्यात ते पाच स्थितींत तपासून बसवायचे : उताणं, पालथं, उभं, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर.

"आणि सहावी?"

"शीर्षासन."

"ड्रायव्हर उलटा लटकून गाडी चालवायचा का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सासूबाईंचं मात्र २१ ज्वेलवर लक्ष होतं. ते खडे विकता येत नाहीत, हे ऐकल्यावर त्यांनी केसकडे, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीकडे, मोर्चा वळवला. ही सोन्याची ना? नाही, आत साधा धातू, वर सोन्याचा पत्रा. आत लिहिलंय बघा, २० वर्षांची गॅरंटी. "म्हणजे आपलं एक ग्रॅमचं," असं म्हणून त्या मटार सोलायला गेल्या. संग्राहकांच्या जाड पुस्तकांतही गोल्ड-फिल्ड केसची इतकी नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही.

मग मी हुकमाचं पान टाकलं. आमच्या घरापासून तासाभरावर किप्टन नावाचं खेडं आहे. एप्रिल १८९१ मध्ये तिथे टपालगाडी आणि प्रवासी गाडी समोरासमोर धडकल्या. प्रवासी गाडीच्या ड्रायव्हरचं घड्याळ मध्ये चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं, असं सांगतात. त्यानंतर रेल्वेने क्लीव्हलंडचा जवाहिरा वेब बॉल याला घड्याळांची तपासणी बसवायला सांगितलं.

'चार मिनिटं' ऐकल्यावर सासरे सरळ बसले. "एकेरी लाइन असणार," म्हणाले. होतीच. मग पाच मिनिटं कुणी बोललं नाही. त्यांच्या नोकरीत गाडी सोडण्याआधी स्टेशनच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवायचं आणि ड्रायव्हरला वेळ सांगायची, हा रोजचा नेम. ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

मी लगेच १८९३ चे नियम वाचायला घेतले. तबकडीवर झाकण नको. चावी बाराच्या आकड्यापाशी. निदान १७ ज्वेल. आठवड्याला ३० सेकंदांच्या वर चूक नको. पांढऱ्या तबकडीवर ठसठशीत काळे आकडे. वेळ लावायची तर पुढची काच फिरवून काढायची, कडेचा इवलासा खटका नखाने ओढायचा आणि मग काटे फिरवायचे. चावी देता देता चुकून काटे सरकू नयेत म्हणून ही तजवीज. (खटका ओढताना माझं नख तुटतं. बायको तिचं देत नाही.) आणि ३४ ते १०० अंश फॅरनहाइटपर्यंत वेळ बिघडता कामा नये.

"१०० म्हणजे आपले किती?"

"अडतीसच्या जरा खाली."

"मग मे महिन्यात आमच्याकडे हे ड्युटीवर घेता आलं नसतं. रेल्वेने एवढं महाग घड्याळ दिलं कसं?"

"रेल्वे देत नव्हती. ज्याने त्याने आपल्या पैशाने घ्यायचं. बऱ्याच जणांनी हप्त्यांवर घेतलं. शिवाय ठरलेल्या मुदतीत तपासनिसाला दाखवून कार्डावर नोंद करून घ्यायची."

सासरे उभेच राहिले. "स्वतःच्या पैशाने? आणि युनियन काय करत होती?"

युनियन तबकडीवर होती. बॉल स्वतः घड्याळं बनवत नसे. हॅमिल्टन, वॉल्थम वगैरेंकडून आपल्या अटींवर बनवून घेई आणि वर आपलं नाव घाली. काही तबकड्यांवर त्याने रेल्वे कामगारांच्या संघटनांची अक्षरं टाकली. इंजिन ड्रायव्हरांची 'बी. ऑफ एल. ई.', तिचं मुख्यालय तेव्हा इथेच क्लीव्हलंडमध्ये होतं. आणि 'ओ. आर. सी.', ऑर्डर ऑफ रेल्वे कंडक्टर्स. गार्ड मंडळी.

"गार्डांचं वेगळं घड्याळ होतं?"

"आत मशिन तेच. तबकडीवर अक्षरं वेगळी."

"मग तेच कसं? वेगळंच झालं की!"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने कपाळाला हात लावला. मला इतक्या वर्षांत जे पटवता आलं नव्हतं ते बॉलसाहेबांच्या तीन अक्षरांनी केलं.

दुसऱ्या दिवसापासून माझं भिंग मला मिळेना. सासऱ्यांनी माझ्या हॅमिल्टन ९९२ या मॉडेलवर कोरलेले 'डबल रोलर' हे शब्द शोधून काढले, ज्या घड्याळावर ते नव्हते ते बाजूला ठेवलं आणि दोन्हींचे नंबर भुसावळी अक्षरात वहीत उतरवले. माँटगोमेरी तबकडी त्यांना पसंत पडली. सगळी ६० मिनिटं आकड्यांत लिहिलेली, हिशेबाला सोय. फर्ग्युसन तबकडीवर त्यांचा राग. तिच्यात मिनिटांचे आकडे मोठे आणि तासांचे आत बारके. "ड्युटीवर असं घड्याळ कोण घेईल?" फारसं कुणी घेतलं नाही, म्हणूनच आज ती दुर्मिळ आणि महाग आहे. हे ऐकून ते म्हणाले की आमचा धंदा डोकं फिरलेल्यांचा आहे. म्हणाले, आणि पुढचं झाकण फिरवायला घेतलं.

रविवारी घड्याळांच्या बाजारात गेलो. एका टेबलावर चकचकीत केस, पाठीवर धूर सोडणारं इंजिन कोरलेलं. विक्रेत्याने अदबीने पुढे केली. सासऱ्यांनी हातही लावला नाही. मला मराठीत म्हणाले, "रेल्वेवाल्याला घड्याळावर इंजिन कशाला लागतंय? तो दिवसभर इंजिनच बघतो. हे शेतकऱ्याला विकलेलं दिसतंय." मी स्तब्ध. अशी पुष्कळ सवंग घड्याळं खरोखरच इंजिनाचं चित्र आणि 'रेल्वे' हा शब्द लावून साध्या गिऱ्हाइकांना विकली गेली. हे शिकायला मला बरेच डॉलर लागले होते.

चार टेबलं पुढे 'ओ. आर. सी.' सापडलं. किंमत ऐकून मी दुसऱ्या टेबलाकडे बघू लागलो. सासऱ्यांनी माझा दंड धरला.

रात्री ते भुसावळच्या एका जुन्या सहकाऱ्याशी व्हिडिओवर बोलत होते. खास गार्डांचं, अस्सल, जावयाबरोबर निम्मे-निम्मे घातले, वगैरे. बोलण्याच्या भरात त्यांनी रुपयांत आकडाही सांगितला. आतून मटारांची परात आपटल्याचा आवाज आला.

"अहो, एवढ्यात माझ्या पाटल्या झाल्या असत्या!"

"झाल्या असत्या," सासरे फोनवर हात ठेवून म्हणाले, "पण पाटल्या पाच पोझिशनमध्ये अॅडजस्ट केलेल्या नसतात."