एन्ड-सेमचा अभ्यास : कागदाला पेन न लावता

पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगचा २०१९ चा पॅटर्न तर तुम्हाला पाठच असेल, इन-सेम म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा ३० मार्कांची, एन्ड-सेम म्हणजे शेवटची ७० ची, पहिली दोन युनिटं इन-सेमला झाली की त्यांना श्रद्धांजली वाहायची. राहिली चार. त्यातलं सगळ्यात जड युनिट ऑप्शनला टाका. आता पहिल्या बाकावरचा कोणीतरी ग्रुपवर टाकेलच की अरे ऑप्शन युनिटच्या आतल्या आत असतो, प्रश्न १ नाहीतर २, ३ नाहीतर ४, म्हणजे अख्खं युनिट सोडलं की १७-१८ मार्क गेलेच. त्याला म्यूट करा. ७० तले १८ गेले तरी ५२ उरतात, आणि ५२ चा तरी अभ्यास कुठे होणारे.

मग मटेरियल गोळा करा. हाच खरा अभ्यास. सिनियरची ड्राइव्ह लिंक, पुस्तकांच्या बाजारातनं, म्हणजे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातनं आणलेलं लोकल ऑथरचं पुस्तक, टॉपरच्या हस्तलिखित नोट्सचे तिरके फोटो, आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर, जे फक्त डाऊनलोड करायचे असतात, सोडवायचे नसतात.

त्यानंतर व्हिडिओ, दुप्पट स्पीडला, आडवं पडून. ओएसच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या, बँकर्स अल्गोरिदममध्ये (प्रोसेस एकमेकांत अडकू नयेत म्हणून रिसोर्स जपून वाटायची पद्धत) सर नीड मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला अजून किती लागणार त्याचा तक्ता, भरत जातात आणि आपण मान हलवत जातो, आहाहा, सगळं समजतं. इथे पॉज करून पुढची ओळ स्वतः भरून बघायची दुर्बुद्धी होईल, आवरा. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोगच केला होता, काही मुलांनी उतारा परत परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर वाचणारेच पुढे! आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले, पण आपण आठवडाभर आधी पुस्तक उघडतच नाही त्यामुळे तो भाग आपल्याला लागू नाही.

ओएसचं पेज रिप्लेसमेंट, म्हणजे मेमरी भरली की नव्या पेजसाठी कुठलं जुनं बाहेर काढायचं ते, तर अजिबात हाताने सोडवू नका. १,२,३,४,१,२,५,१,२,३,४,५ ही स्ट्रिंग (पेज ज्या क्रमाने लागतात तो क्रम) बहुतेक पुस्तकात असते, फिफोने, म्हणजे जे आधी आलं ते आधी बाहेर, ३ फ्रेमला (मेमरीतल्या जागांना) ९ फॉल्ट, ४ फ्रेमला १०; फॉल्ट म्हणजे हवं ते पेज मेमरीत नसणं. नाव बेलाडीज अनॉमली. ९ आणि १० पाठ करा, विषय संपला. मेमरी वाढवून फॉल्ट वाढले कसे असं विचारत बसलात आणि चुकून रकाने आखलेत, तर दिसेल की ४ फ्रेम असताना ५ आत येतो तो १ ला बाहेर काढून, आणि लगेच १ च लागतो, तो २ ला काढतो की लगेच २ लागतो, असं शेवटपर्यंत, जो काढला तोच पुढच्या क्षणी दारात उभा. मग एलआरयू, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ न वापरलेलं पेज बाहेर, करून बघावंसं वाटेल, तिथे ३ फ्रेमचे १० फॉल्ट ४ फ्रेमला ८ होतात, कारण ३ फ्रेममध्ये जे असतं ते ४ मध्येही असतंच. झालं, पंधरा मिनिटं गेली आणि वर ते डोक्यातनं जाता जात नाही. दुसरी स्ट्रिंग आली तरी सुटायला लागते. कशाला हवाय हा ताप.

टीओसीला (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) पंपिंग लेमाचं, म्हणजे एखादी लँग्वेज रेग्युलर नाही हे दाखवायच्या युक्तीचं, एकच उदाहरण, ए ची घात एन बी ची घात एन, बाकी लँग्वेजेस सिलॅबसमध्ये नाहीत असं समजा. डीबीएमएसला, म्हणजे डेटाबेसच्या विषयाला, एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) वाचूनच करा. आणि प्रोग्रॅम थांबेल की नाही हे सगळ्या प्रोग्रॅमसाठी सांगणारा अल्गोरिदम असूच शकत नाही हे ट्यूरिंगने १९३६ लाच सिद्ध करून ठेवलंय, मग तुम्ही तुमचा कोड रन करून नक्की काय सिद्ध करणार? प्रॅक्टिकलचा कोड मित्राचा, व्हेरिएबलची नावं तेवढी बदला (तेही जमत नसेल तर नुसता रोल नंबर).

पेपरला गेल्यावर घाबरायचं नाही. डायग्राम मोठे काढा, बाणाला दोन्हीकडे टोकं द्या म्हणजे एक बाजू तरी बरोबर येते. पान भरत नसेल तर इंट्रोडक्शन, ॲडव्हांटेजेस आणि ॲप्लिकेशन्स कुठल्याही प्रश्नाला चालतात. आणि पेपरच्या वरच्या सूचना वाचा हो, तिथे 'गरज पडल्यास सुटेबल डेटा अझ्यूम करा' असं चक्क इंग्रजीत छापलेलं असतं. आपल्याला येतोय तोच प्रश्न विचारलाय असं अझ्यूम करा आणि लिहायला घ्या.